गाईचं पोट नाही, पाठ बघा: घरच्या दुभत्या गाईचं वजन कसं सांभाळायचं?

ईस्टर्न फ्रीवेचा पहिला टप्पा 2013 मध्ये सुरू झाला, तो ऑरेंज गेटपासून चेंबूरच्या पांजरापोळपर्यंत. तेव्हापासून ट्रॅफिकच्या बातम्यांमध्ये हे नाव रोज ऐकू येतं. पण पांजरापोळ म्हणजे म्हातारी, आजारी किंवा दूध आटलेली जनावरं सांभाळण्याची जागा. मुंबईतलं सगळ्यात जुनं पांजरापोळ भुलेश्वरला 1834 साली सुरू झालं.

दूध देणाऱ्या जनावराला गोठ्यात जागा असते. प्रश्न दूध थांबल्यावर येतो. आरे कॉलनी 1949 मध्ये उभी राहिली त्याआधी मुंबईच्या दाटीवाटीच्या तबेल्यांमध्ये हेच चालायचं. म्हैस आटली की शहरात तिला नुसतं बसवून खायला घालणं परवडायचं नाही आणि अनेक चांगल्या दुभत्या म्हशी थेट कत्तलखान्याकडे जायच्या. आज घरी एखादी गाय पाळणारं कुटुंब असं करत नाही. पण हात आखडला जातो तो याच काळात. दूध बंद झालं की आधी पेंड बंद होते, मग हिरवा चारा कमी होतो. पुढच्या वेतात गाय खंगली की मात्र कारण कळत नाही.

गाय शहरात असो वा गावाकडच्या गोठ्यात, तिचं वजन का उतरतं, का वाढतं आणि ते काट्याशिवाय कसं ओळखायचं, हे समजून घेऊ.

वजन महत्त्वाचं का आहे?

गाईच्या अंगावरची चरबी ही तिची शिल्लक असते. व्यायल्यानंतर दूध झपाट्याने वाढतं आणि साधारण 6 ते 8 आठवड्यांत सर्वात जास्त होतं. तिची खाण्याची क्षमता मात्र इतक्या लवकर वाढत नाही, ती 10 ते 12 आठवड्यांनी पूर्ण होते. मधल्या काळात दुधातून जितकं बाहेर जातं तितकं तोंडातून आत येत नाही. उरलेलं गाय स्वतःच्या अंगातून काढून देते.

म्हणजे व्यायल्यानंतर थोडं वजन उतरणं हा आजार नाही. प्रश्न आहे तो शिल्लक किती होती आणि ती किती वेगाने संपली याचा.

शिल्लक कमी असेल तर दूध लवकर पडतं, गाय वेळेवर माजावर येत नाही, भरवली तरी गाभण राहत नाही. दोन वेतांमधलं अंतर वाढतं आणि घरात बिनदुधाचे महिने वाढतात.

उलट शिल्लक फार जास्त असेल तरी त्रास होतो. लठ्ठ गाय विताना अडते. व्यायल्यावर तिची भूक मंदावते. मग अंगातली चरबी एकदम वितळून यकृतावर ताण येतो आणि किटोसिस होतो. अशी गाय खुराक नाकारते, सुस्त होते, दूध अचानक कमी करते. तिच्या श्वासाला कधीकधी गोडसर उग्र वास येतो.

पोट बघून वजन का कळत नाही?

गाईच्या पोटाचे चार कप्पे असतात आणि त्यातला पहिला, रुमेन, प्रचंड मोठा असतो. एका वेळी 20 लिटर पाणी प्यायली तर ती काट्यावर 20 किलोंनी वाढलेली दिसेल. संध्याकाळी चरून आलेली गाय आणि सकाळी उपाशीपोटी उभी असलेली तीच गाय यांच्या वजनात म्हणूनच बराच फरक पडतो.

याहून फसवी गोष्ट म्हणजे पोट भरलेलं दिसत असतानाही गाय उपाशी असू शकते. त्याची तीन कारणं नेहमी आढळतात:

- प्लास्टिक: गाठ मारलेल्या पिशवीतलं शिळं अन्न गाय पिशवीसकट गिळते. अन्न पचतं, पिशवी आत राहते. वर्षानुवर्षं असा गोळा साठत जातो, पोट टम्म दिसतं, पण चाऱ्याला जागा उरत नाही. शेवटी शस्त्रक्रिया करूनच तो काढावा लागतो.
- जंत आणि यकृतकृमी: पाणथळ जागेतलं गवत खाणाऱ्या जनावरांमध्ये हे जास्त दिसतं. पोट सुटतं, पाठ बसते, केस राठ होतात. काही वेळा जबड्याखाली मऊ सूज येते.
- निकस चारा: नुसता वाळलेला पेंढा भरपूर घातला की पोट भरतं, पण त्यात प्रथिनं आणि ऊर्जा फार कमी असते.

म्हणून जाणकार पोटाकडे नाही, पाठीकडे बघतात.

पाठ कशी बघायची?

जगभरातले पशुवैद्यक यासाठी 1 ते 5 गुणांची पद्धत वापरतात. तिला शरीरस्थिती गुणांक म्हणतात. त्यासाठी यंत्र लागत नाही, हात लागतो. गाय सरळ उभी असताना चार जागा तपासायच्या: बरगड्या, पाठीचा कणा, कमरेच्या दोन्ही बाजूंची वर आलेली हाडं आणि शेपटीच्या मुळाजवळचा खड्डा.

- 1 गुण: कणा करवतीच्या दात्यांसारखा दिसतो. सगळ्या बरगड्या मोजता येतात. शेपटीच्या मुळाशी खोल खड्डा. ही गाय खंगलेली आहे.
- 2 गुण: हाडं स्पष्ट दिसतात, पण त्यांवर थोडं मांस आहे. गाय बारीक आहे.
- 3 गुण: हाडं ठळक दिसत नाहीत, पण हलकं दाबलं की बोटांना लागतात. शेपटीजवळचा खड्डा उथळ. ही चांगली स्थिती.
- 4 गुण: हाड लागायला जोराने दाबावं लागतं. शेपटीच्या मुळाशी चरबीचे गोळे जाणवतात. गाय जाड आहे.
- 5 गुण: दाबूनही हाड लागत नाही. गाय लठ्ठ आहे.

विताना गाय 3 ते 3.5 गुणांवर असावी. त्यानंतरच्या दोन-अडीच महिन्यांत अर्ध्या गुणापर्यंत घट चालते. एका गुणाहून जास्त घट झाली तर आहार कमी पडतोय किंवा काहीतरी दुखणं आहे, असं समजा.

देशी आणि संकरित गाईंची बांधणी वेगळी असते. खिलार मुळातच उंच, काटक आणि सडपातळ. देवणी किंवा गीर अंगाने भरदार. जर्सी लहान चणीची. त्यामुळे शेजाऱ्याच्या गाईशी तुलना करू नका. तुमच्याच गाईची मागच्या महिन्याशी करा.

काट्याशिवाय किलोंमध्ये वजन कसं काढायचं?

आहार ठरवायला आणि जंताचं औषध योग्य मात्रेत द्यायला अंदाजे वजन लागतंच. त्यासाठी शिंप्याची टेप पुरते. दोन मापं इंचांत घ्यायची:

1. छातीचा घेर: पुढच्या पायांच्या लगेच मागून, टेप अंगाला चिकटून पण न आवळता.
2. लांबी: खांद्याच्या पुढच्या टोकापासून शेपटीखालच्या हाडाच्या टोकापर्यंत.

मग घेर गुणिले घेर गुणिले लांबी, आणि येईल त्याला 660 ने भागा. उत्तर किलोंमध्ये येतं.

समजा घेर 64 इंच आणि लांबी 54 इंच आहे. 64 × 64 × 54 = 2,21,184. भागिले 660, म्हणजे साधारण 335 किलो.

हे माप अंदाजेच आहे. गाभणपणाच्या शेवटच्या महिन्यांत ते जास्त चुकतं. पण दर वेळी सकाळी, चारा-पाण्याआधी आणि एकाच माणसाने मोजलं तर वजन वर चाललंय की खाली, हे नक्की कळतं.

मग तिला किती खायला घालायचं?

चाऱ्यातलं पाणी वजा केल्यावर जे उरतं त्याला शुष्क पदार्थ म्हणतात. दुभत्या गाईला रोज वजनाच्या 2.5 ते 3 टक्के शुष्क पदार्थ लागतो. वरच्या 335 किलोंच्या गाईसाठी तो साधारण 10 किलो झाला.

हिरव्या चाऱ्यात बहुतेक पाणीच असतं, शुष्क भाग पाचव्या हिश्श्याच्या आसपास. कडब्यात तो 90 टक्क्यांच्या जवळ असतो. ही गाय रोज 5 लिटर दूध देत असेल तर हिशोब असा बसतो:

- हिरवा चारा (मका, कडवळ, हत्तीगवत, थोडा लसूणघास) 15 किलो: शुष्क पदार्थ 3 किलो
- कडबा कुट्टी 5 किलो: शुष्क पदार्थ 4.5 किलो
- अंबोण म्हणजे पेंड, चुनी, भरडा यांचा खुराक 3 किलो: शुष्क पदार्थ 2.7 किलो

खुराकाचा नियम लक्षात ठेवायला सोपा आहे. शरीर चालवायला 1 किलो आणि दर अडीच लिटर दुधामागे आणखी 1 किलो. म्हणून 5 लिटरला 3 किलो. हा खुराक एकदम न देता सकाळ-संध्याकाळ विभागून द्यायचा. सोबत रोज 50 ग्रॅम खनिज मिश्रण आणि थोडं मीठ.

पाणी हा आहाराचाच भाग आहे. दुभती गाय दिवसाला साधारण 40 ते 60 लिटर पिते, उन्हाळ्यात त्याहून जास्त. पाणी कमी पडलं की ती चाराही कमी खाते. दिवसातून दोनदा बादली दाखवण्यापेक्षा समोर सतत स्वच्छ पाणी असणं बरं.

मुंबईसारख्या दमट हवेत आणखी एक अडचण येते. उकाडा वाढला की गाय, विशेषतः संकरित गाय, धापा टाकते आणि खाणं कमी करते. अशा दिवसांत चाऱ्याचा मोठा वाटा पहाटे आणि रात्री द्यावा, दुपारी सावली आणि वारा मिळेल असं बघावं.

आटलेल्या गाईला काय द्यायचं?

सगळ्यात जास्त चुका इथे होतात.

गाय विण्याच्या साधारण 60 दिवस आधी तिचं दूध काढणं थांबवतात. दूध नाही म्हणून खर्च नको, असं वाटणं साहजिक आहे. पण पोटातल्या वासराची बरीचशी वाढ याच शेवटच्या दोन-तीन महिन्यांत होते. कासेची झीज भरून निघते तीही याच काळात. याच वेळी वैरण तोडली तर गाय शिल्लक न ठेवता विते आणि पुढचं सगळं वेत त्याची किंमत मोजतं.

या काळात भरपूर कडबा, बेताचा हिरवा चारा आणि खनिज मिश्रण द्या. शेवटच्या तीन आठवड्यांत खुराक हळूहळू वाढवत दीड-दोन किलोंपर्यंत न्या, म्हणजे व्यायल्यावर मिळणाऱ्या खुराकाची पोटाला सवय होते.

गाय जाड असेल तर? तिला आटलेल्या काळात उपाशी ठेवून बारीक करू नका. गाभण गाईला अचानक अन्न कमी पडलं की चरबी वितळून किटोसिसचा धोका वाढतो. जाड गाईचं वजन दूध चालू असतानाच, वेताच्या उत्तरार्धात आवरायचं. तेव्हा खुराक कमी करायचा, वैरण नाही. बारीक गाईला भरायची वेळही तीच. म्हणून आटवायच्या तीन महिने आधी एकदा पाठ नीट तपासा.

गोग्रास घालावा की नाही?

मुंबईत अनेक देवळांबाहेर सकाळी एखादी गाय बांधलेली दिसते. शेजारी बसलेल्या मावशींकडून गवताची पेंडी घ्यायची, गाईला घालायची, नमस्कार करायचा आणि ऑफिसला निघायचं. त्या गाईवर एखादं घर चालत असतं. तिचं वजन मात्र मालकासोबत रस्त्यावरून जाणारे सगळेच ठरवत असतात.

गवताची पेंडी उत्तमच. अडचण येते ती पोळ्या, भात, पाव, लाडू आणि शिऱ्याची. गाईच्या रुमेनमध्ये अब्जावधी सूक्ष्मजीव चारा आंबवतात. त्यांना तंतुमय, हळू पचणारं अन्न हवं असतं. भात किंवा पोळीतला स्टार्च ते झटपट फस्त करतात आणि त्यातून आम्ल तयार होतं. थोडं आम्ल लाळेने निवळतं. मोठी गाय रवंथ करताना दिवसाला शंभर लिटरहून जास्त लाळ गिळते. पण मऊ भाताला रवंथ लागत नाही, म्हणून लाळही कमी सुटते. आम्ल वाढतं, चारा पचवणारे सूक्ष्मजीव मरतात आणि गाय खाणं सोडते. याला ॲसिडोसिस म्हणतात. जास्त झालं तर जीवही जातो.

एका घरची एक पोळी गाय सहज पचवते. त्रास होतो तो सगळ्या घरांची पानं एकाच दिवशी एकाच गाईपुढे आल्यावर. सर्वपित्री अमावास्येला भात, खीर, वडे. वसुबारसेला गोडाधोडाचा नैवेद्य. चेंबूरमध्ये तमिळ कुटुंबंही बरीच आहेत, त्यामुळे जानेवारीत माट्टू पोंगलला गोड भात. प्रत्येक जण श्रद्धेने एक घास देतो, गाईच्या पोटात मात्र परातभर भात जातो.

गोग्रास थांबवायची गरज नाही, त्याचं रूप बदलता येतं:

- नैवेद्याचा लहानसा घास ठेवा, बाकी हिरवी पेंडी द्या.
- भाजीची देठं, कोबी-फ्लॉवरची पानं, मटाराच्या शेंगांची सालं चालतात. पिशवीतून काढून, हाताने किंवा टोपलीत द्या.
- अख्खा बटाटा, सफरचंद किंवा आंब्याची कोय देऊ नका. घशात अडकू शकते.
- शिळं, आंबलेलं किंवा बुरशी आलेलं अन्न अजिबात नको.

गाय सांभाळणाऱ्यांसाठी एक उपाय: सणाच्या दिवशी तिला आधी पोटभर कडबा द्या, मग बाहेर आणा. नैवेद्यासाठी शेजारी वेगळी टोपली ठेवा आणि त्यातलं थोडंच गाईपुढे जाऊ द्या.

बारीक गाईला भरायचं कसं?

घाई करायची नाही. खुराक एकदम दुप्पट केला तर वर सांगितलेला ॲसिडोसिस घरच्या गोठ्यातही होतो. आधी चाऱ्याचा दर्जा सुधारा: कडब्याची कुट्टी करा, हिरव्यात लसूणघासासारखं द्विदल वाढवा. मग रोजच्या खुराकात अर्धा ते एक किलोची भर 10 ते 14 दिवसांत हळूहळू घाला. फरक दिसायला महिना-दीड महिना लागतो.

पुरेसं खाऊनही पाठ भरत नसेल तर खाण्यापलीकडचं कारण शोधा. शेण तपासून जंतांचं औषध द्या. दात झिजलेत का, खूर वाढलेत का, अंगावर गोचीड आहेत का, ते बघा. भूक चांगली असूनही सतत पातळ शेण आणि उतरतं वजन असेल तर ते जोन्स रोगासारख्या जुनाट आजाराचं लक्षण असू शकतं.

डॉक्टरांना कधी बोलवायचं?

यातलं काहीही दिसलं तर वाट बघू नका:

- 24 तासांत खाणं किंवा रवंथ बंद
- डाव्या कुशीची फुगलेली, ताणलेली बाजू
- आंबट वासाचं पातळ शेण, झोकांड्या
- व्यायल्यावर उठता न येणं
- दोन-तीन आठवड्यांत डोळ्यांना दिसेल इतकी घट

राज्यात फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी 1962 हा टोल-फ्री क्रमांक आहे. मुंबईत परळला 1886 साली सुरू झालेलं मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि त्याच आवारातलं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट पशुरुग्णालय आहे. मुंबईसारख्या शहरात गाय पाळायची असेल तर 1976 च्या राज्य कायद्यानुसार परवाना लागतो, हेही लक्षात असू द्या.

वर्षभराचं वेळापत्रक

गाईची पाठ किमान या चार वेळी हाताने तपासा:

1. विताना: 3 ते 3.5 गुण हवेत.
2. व्यायल्यानंतर दोन महिन्यांनी: 2.5 च्या खाली जाऊ देऊ नका.
3. आटवायच्या तीन महिने आधी: कमी-जास्त दुरुस्त करायची हीच वेळ.
4. आटवताना: 3 ते 3.5 गुणांवर आणून विण्यापर्यंत तिथेच ठेवा.

एरवी दर पंधरा दिवसांनी छातीचा घेर मोजून गोठ्यातल्या वहीत तारखेसह लिहा. शेजारी त्या दिवशीचं दूध आणि दिलेला खुराकही लिहा. दूध तेवढंच आहे पण घेर कमी होतोय, असं सलग दोनदा दिसलं तर ते दूध गाय स्वतःच्या अंगातून देते आहे. त्याच आठवड्यात तिचा आहार वाढवा.